खोलीपुरते गाणे

मी गाणी लिहितो असे कोणापाशी सहज बोलून गेलो की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "कोणत्या चित्रपटासाठी?" चित्रपटासाठी नाही, असे म्हटले की समोरचे गृहस्थ एक पायरी खाली उतरतात आणि विचारतात, "मग नाटकासाठी?" तेही नाही म्हटल्यावर दिवाळी अंक, गणेशोत्सव, भजनी मंडळ अशा एकेक पायऱ्या उतरत ते अखेर जमिनीवर येतात आणि सहानुभूतीने म्हणतात, "असो. छंद चांगला आहे." त्यांचे हे शेवटचे वाक्य मला मनापासून मान्य आहे. छंदच तो. अडतीस वर्षे मी हिशेबतपासणीच्या खात्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची नोकरी केली आणि त्या काळात व त्यानंतर एका जाड वहीत गाणी लिहीत आलो. त्या वहीत आजमितीस सत्तेचाळीस गाणी आहेत, म्हणजे वर्षाला एकाहून किंचित अधिक. त्यांतली निम्मी पुन्हा कोणापुढे म्हणण्याजोगी नाहीत. उरलेली ज्यांच्यासमोर म्हणावीत अशी सगळी माणसे एका खोलीत मावतात.

ही गाणी कोणत्या जातीची, हे थोडे सांगितले पाहिजे. कारण मराठीत त्यांना सर्वमान्य असे नाव नाही. त्यांत गोष्ट असते, म्हणून ती पोवाड्याच्या कुळातली म्हणावीत, तर पोवाडा हा मैदानात उभा राहणारा प्रकार. १६५९ मधल्या अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेल्या पोवाड्यापासून आजतागायत शाहिराला डफ लागतो, तुणतुणे लागते, झील धरणारे लागतात आणि मुख्य म्हणजे समोर गर्दी लागते. माझ्या नायकाने कोणालाही मारलेले नसते. फार तर त्याने थोरल्या भावाशी अकरा वर्षे अबोला धरलेला असतो. असल्या पराक्रमावर डफ कसा वाजवायचा?

मग ही भावगीते का? तशीही ती नाहीत. भावगीतावर माझे निरतिशय प्रेम आहे. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांच्या आगमनानंतर, १९३० च्या दशकात, मराठी गायकाला प्रथमच हलक्या आवाजात गाण्याची मुभा मिळाली. तोवर रंगभूमीवरच्या नटाला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत आवाज फेकावा लागत असे. ध्वनिक्षेपकाने ती सक्ती संपवली आणि कानाशी बोलल्यासारखे गाणे जन्माला आले. हा उपकार मोठाच. परंतु भावगीतातली माणसे पाहिली तर ती बहुधा एकटी असतात. एक 'तो' असतो, एक 'ती' असते आणि वर चंद्र असतो. त्या 'ती'ला सासू नसते, नणंद नसते, महिन्याचे वाण्याचे बिल नसते. मला नेमकी ती वाण्याच्या बिलासह हवी होती.

असे गाणे असू शकते, हे मला कळले शिलाँगला. १९८१ मध्ये माझी तिकडे बदली झाली. साताऱ्याकडच्या कोरड्या मुलखातला माणूस मी. आयुष्यात पाहिला नव्हता एवढा पाऊस मी तिथे पहिल्या महिन्यात पाहिला. संध्याकाळ लवकर होई आणि पावसात कुठे जाण्याची सोय नसे. माझ्या शेजारी एक खासी कुटुंब होते. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात कोपऱ्यात पेटी असावी, तशी त्यांच्या भिंतीवर गिटार टांगलेली असे. जेवण झाले की कोणीतरी ती खाली उतरवी आणि घरातलीच चार माणसे हळू आवाजात गात. गाण्यासाठी कोणी मांडी ठोकून बसत नसे, कोणी 'आता अमुक ऐका' असे म्हणत नसे. भांडी विसळणे आणि गाणे ही दोन्ही कामे बरोबरच चालत.

त्या गावाला गिटारचे वेड होते. लू माजॉ नावाचा तिथला गायक बॉब डिलनचा वाढदिवस, म्हणजे २४ मे, शिलाँगमध्ये १९७२ पासून दरवर्षी गाऊन साजरा करीत आला. एका अमेरिकन कवी-गायकाचा वाढदिवस मेघालयाच्या डोंगरात इतक्या निष्ठेने का व्हावा, याचे मला प्रथम हसू आले. नंतर आले नाही. पोलीस बाजारात मी एक जुनी गिटार विकत घेतली आणि शेजारच्या मुलाकडून तीन सुरावटी शिकून घेतल्या. तीन येऊ लागल्या की शेकडो गाणी म्हणता येतात हे त्याने मला सांगितले, आणि ते खरे आहे. गिटारच्या गळ्यावर बसवायचा एक चिमटा असतो, त्याला कॅपो म्हणतात. तो एक पडदा पुढे सरकवला की सगळी सुरावट अर्ध्या स्वराने चढते. बोटे तीच राहतात. माझ्यासारख्या मर्यादित बोटांच्या माणसाला हा चिमटा म्हणजे वरदान वाटला.

त्या शेजारच्या घराविषयी आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली. खासी समाजात कूळ आईकडून चालते आणि वडिलार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. तिला 'का खद्दुह' म्हणतात. भाऊबहिणी कितीही दूर गेल्या तरी अडीअडचणीला तिच्या घरी यायच्या आणि तिने त्यांचे करायचे, अशी ती रीत. ते घर पाहताना मला माझी थोरली बहीण आठवे. आमचे घर तिनेच सावरले होते; पण त्या घराच्या कुठल्याही कागदावर तिचे नाव नव्हते.

शिलाँगच्या त्या पावसात मी पहिली आठदहा गाणी रचली. रचनेचे धडे अर्थातच घरचे होते. आपला मोठा अभंग घ्या. सहा, सहा, सहा आणि चार अशी त्याची अक्षरे. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते आणि चौथा चरण आखूड पडून श्वास टेकतो. गोष्ट सांगायला याहून सोयीचा साचा मला आजवर सापडलेला नाही. तीन चरणांत गोष्ट पुढे सरकते आणि चौथ्यात ती क्षणभर थांबून ऐकणाऱ्याकडे पाहते. दादऱ्याच्या सहा मात्रांत तो गिटारवर अलगद बसतो. त्याच सुमारास फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने संपादित केलेला इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांचा संग्रह माझ्या हाती आला. १८८२ ते १८९८ या काळात दहा भागांत निघालेल्या त्या संग्रहात ३०५ गाणी आहेत, आणि एकेका गाण्याचे अनेक पाठ दिलेले आहेत. ती गाणी वाचून मला एक गोष्ट कळली. त्यांत गोष्ट सरळ चालत नाही. मधली वर्षेच्या वर्षे ती उडी मारून ओलांडते आणि एखाद्या क्षुल्लक क्षणापाशी, दारावरच्या थापेपाशी किंवा दोघांच्या बोलण्यापाशी, रेंगाळते. 'त्याला फार दुःख झाले' असे सांगण्याच्या भानगडीत ती सहसा पडत नाहीत.

हे मला कळले, पण अंगी लागले नाही. ते कसे, हे सांगण्यासाठीच आज मी आपल्यासमोर बोलायला बसलो आहे.

तत्पूर्वी एक खुलासा. मी पुढे जे सांगणार आहे ते माझ्या बहिणीच्या घरातले आहे, आणि ते आकाशवाणीवरून सांगणे म्हणजे मी जी चूक केली तिचीच मोठी आवृत्ती काढणे, असे एखाद्या श्रोत्याला वाटेल. मी अक्काला विचारले आहे. तिचे यजमान, आमचे दाजी, २०११ मध्ये गेले. अक्का म्हणाली, "सांग. पण गावाचं नाव बदल." ते मी बदलले आहे.

१९७२ साली मी अठरा वर्षांचा होतो. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते करून समजणार नाही. वडील आधीच गेले होते. विहिरीला पाणी नव्हते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मला महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, परंतु फी आणि वसतिगृहाचे पैसे यांची जुळणी होईना. अक्काचे लग्न होऊन तीन वर्षे झाली होती. ती कराडला नांदत होती. एके दिवशी ती माहेरी आली, आईच्या हातात पैसे ठेवले आणि दोन दिवसांनी परत गेली. पैसे कुठून आले हे मी विचारले नाही. अठराव्या वर्षी माणसे असले प्रश्न विचारीत नाहीत. १९९० मध्ये आई आजारी असताना तिने मला सांगितले की अक्काने त्या वेळी सासरी घातलेल्या पाटल्या मोडल्या होत्या. "तुला म्हणून सांगते," असे आई म्हणाली. या तीन शब्दांचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

मी गाणे लिहिले. १९९६ च्या डिसेंबरात भाचीचे लग्न होते. आदल्या रात्री मांडवात पाहुण्यांनी आग्रह केला, आणि मुलीचा मामा गातो याचे सर्वांना कौतुक म्हणून मी गिटार काढली. त्या गाण्यातली दोन चरणांची जोडी आपल्याला ऐकवतो, म्हणजे ते किती सामान्य होते हेही कळेल :

माझ्या फीच्या पैशांसाठी । पाटल्या तू मोडल्यास ।
कोणालाही न सांगता । उभी होतीस उदास ॥

गाणे संपले तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी अक्काकडे पाहिले. ती उठून स्वयंपाकघरात गेली होती. तिला भरून आले असेल, असे मला वाटले. दाजी मात्र जागेवरच होते. त्यांनी शांतपणे विचारले, "कुठल्या साली?"

"बहात्तर," मी उत्साहाने सांगितले.

दाजींनी मान हलवली आणि ते उद्याच्या पाण्याची व्यवस्था पाहायला बाहेर गेले.

लग्न पार पडले. पाठवणी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा अक्का मला सोडायला फाटकापर्यंत आली, आणि तिथे तिने मला जे सांगितले ते मी आजही जसेच्या तसे सांगू शकतो. पाटल्या एस. टी. त चोरीला गेल्या असे तिने सासरी सांगितले होते. दाजी त्या वेळी तिला घेऊन पोलीस चौकीत गेले होते. तिथे तिने खोटा जबाब दिला होता. त्या दिवसापासून सासूबाईंच्या दृष्टीने ती निष्काळजी ठरली, आणि त्या जाईपर्यंत घरातली कुठलीही किमती वस्तू तिच्या हाती दिली गेली नाही. हे तिने चोवीस वर्षे सोसले होते. आणि आता ते गेले असताना, मुलीच्या लग्नाच्या मांडवात, व्याह्यांच्या देखत, तिच्या सख्ख्या भावाने पेटीची किल्ली सगळ्यांसमोर फिरवली होती.

"तू मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी काहीतरी कृतज्ञतेविषयी बोललो असेन. तिने मला मध्येच थांबवले.

"आणि मी उदास नव्हते रे. कोणी सांगितलं तुला मी उदास होते म्हणून? सराफाच्या दुकानातून मी बाहेर पडले ना, तेव्हा मला इतका आनंद झाला होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी काही माझ्या मनानं केलं होतं."

परतीच्या वाटेवर मी त्या 'उदास' शब्दाचा विचार करीत होतो. तो कुठून आला होता? 'मोडल्यास'ला यमक हवे होते. पाटल्यांची हकीकत मला ठाऊक होती, ती लपवायला हवी होती, आणि मी ती सालासकट सांगितली. तिच्या मनात काय होते ते सांगायला हवे होते, ते मला ठाऊक नव्हते, आणि तिथे मी यमकाला येईल तो शब्द बसवला. हिशेबतपासनिसाच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या नोंदी खऱ्या आणि शिल्लक खोटी, असे ते गाणे होते. असला ताळेबंद माझ्यापुढे आला असता तर मी परत पाठवला असता.

वर्ष-दीड वर्ष मी काही लिहिले नाही. दाजी माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. पण त्या घरात मला पुन्हा कोणी 'गा' म्हणाले नाही.

मधल्या काळात मी एक सोपा उपाय करून पाहिला. ज्याच्यावर लिहायचे त्याची आधी परवानगी घ्यायची! एका मित्राच्या आयुष्यातला एक प्रसंग मला गाण्याजोगा वाटला. त्याला विचारले. त्याने आनंदाने होकार दिला. पहिला खर्डा वाचून तो म्हणाला, "छान. फक्त यात माझ्या बढतीचा उल्लेख राहून गेलाय." दुसऱ्या खर्ड्यात त्याला त्याच्या सौभाग्यवतींचा स्वभाव अधिक शांत हवा होता. तिसऱ्या खर्ड्यानंतर मी ते गाणे त्यालाच भेट दिले. परवानगी घ्यावी हे खरेच. पण परवानगीने गाणे होत नाही.

मार्ग अखेर अक्कानेच दाखवला, तोही सहजगत्या. आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघे गावी गेलो होतो. सोप्यात जाते तसेच पडले होते. गिरणी आल्यापासून त्याला कोणाचा हात लागला नव्हता. खुंटा हलत होता. अक्का त्याच्यापाशी बसली आणि म्हणाली, "आई आणि आत्या इथं समोरासमोर बसायच्या. आठवतं?"

मला आठवत होते ते पहाटेच्या झोपेतले. त्या दोघी एकच खुंटा धरून दळायच्या. वैरीण टाकायला एकीचा हात सुटला की दुसरी पाळू फिरती ठेवायची. त्या घरघरीबरोबर ओव्या चालत आणि आम्ही मुले त्यांत झोपून जात असू. अक्का माझ्याहून मोठी. तिने त्या जागेपणी ऐकल्या होत्या. ती सांगू लागली. आईचे आणि आत्याचे कधी पटले नाही. उघडपणे आई तिला एक शब्द बोलू शकत नव्हती. आत्या वयाने मोठी, आणि माहेरी परत आलेली. पण जात्यावर आई ओवी घाली : नणंद अशी, नणंद तशी. पुढच्या ओवीत आत्या उत्तर देई : भावजय अशी, भावजय तशी. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. दळण संपले की दोघी उठत आणि दिवसभर त्यातले अवाक्षर निघत नसे.

"पण एक सांगू?" अक्का म्हणाली. "तुझं-माझं कौतुक करायचं असलं की आई ओवीत नाव घ्यायची. गाऱ्हाण्याच्या ओवीत तिनं कधी कोणाचं नाव घेतलं नाही. तिथं नुसती नणंद."

मी तिथेच ओट्यावर बसून राहिलो. आत्याला ठाऊक होते की ही ओवी आपल्यावर आहे. आईला ठाऊक होते की तिला ठाऊक आहे. तरीही 'नणंद' या शब्दाने एक पडदा धरला होता, आणि त्या पडद्याआडून दोघी एकमेकींना खरे बोलू शकत होत्या. गल्लीतली कोणीही बाई दळायला येऊन बसली तर तिलाही ती ओवी आपली म्हणता येत होती, कारण नणंद सगळ्यांनाच असते. नाव गाळल्याने ओवी संदिग्ध झाली नव्हती. उलट त्या नणंदेचे चालणे, तिचा उंबऱ्यावरचा ठसका, तिने झाकून ठेवलेले दूध, हे सगळे तीत बारकाईने येई. आईने नाव लपवले आणि माणूस दाखवला. मी नेमके उलटे केले होते.

पुढे या ओव्यांचे मी जमेल तेवढे वाचन केले. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये केलेला संग्रह पूर्वी चाळला होता, तो आता नीट वाचला. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हिंडून बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. त्यांतल्या कित्येकींचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने ते सर्वांना ऐकण्यासाठी उपलब्ध करून दिले आहेत. एक लाख ही संख्या मी कितीदा तरी स्वतःशी उच्चारून पाहिली. माझ्या वहीत सत्तेचाळीस! आणि त्या बायकांपैकी कोणीही 'मी गाणी लिहिते' असे कधी म्हटले नसेल. पुष्कळजणींना लिहिताच येत नव्हते. छंद म्हणावा तर त्यांना सवड नव्हती, आणि कर्तव्य म्हणावे तर गाण्याची सक्ती नव्हती. पीठ मुक्यानेही पडले असते.

अक्काचे गाणे मी पुन्हा लिहायला घेतले ते १९९८ च्या उन्हाळ्यात, आणि ते पुरे व्हायला सव्वा वर्ष लागले. जुन्यातले काय काय काढायचे ते आधी ठरवले. फी काढली. भाऊ काढला, हे फार जड गेले, कारण त्या गाण्यात मी स्वतःसाठी बरीच जागा राखून ठेवली होती. साल काढले, गाव काढले, चोरी काढली. उरली एक बाई. तिचा हात रिकामा आहे आणि ती संध्याकाळी पायी घराकडे चालली आहे. ती का चालली आहे, पाटली कुठे गेली, हे गाणे सांगत नाही. फक्त तिच्या चालण्यापाशी ते रेंगाळते. त्यातली दोन कडवी अशी आहेत :

मोकळा हा हात । चालतो पुढती ।
वाऱ्याच्या संगती । गावाकडे ॥

पाटलीचा वण । उजळ दिसतो ।
पदर हसतो । झाकताना ॥

वर्षानुवर्षे अंगावर असलेला दागिना काढला की त्या जागेची कातडी उजळ दिसते. ऊन न लागलेला तो पट्टा. ही गोष्ट मला अक्कानेच पूर्वी कधीतरी सांगितली होती. 'हसतो' हा शब्दही यमकाचाच आहे, हे मी मान्य करतो. पण या खेपेस तो ठेवण्यापूर्वी मी फाटकापाशी ऐकलेले तिचे बोलणे पुन्हा आठवून पाहिले, आणि मग ठेवला.

चाल साधी आहे. गिटारच्या खालच्या सुरातल्या तारा तेवढ्या अंगठ्याने छेडायच्या, वरच्या तारांना हात लावायचा नाही; चालणाऱ्या पावलांइतकीच लय. मोठ्याने म्हटले तर ते गाणे बिघडते, असा अनुभव आहे. एकदा एका हौशी संमेलनात माझ्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवला होता. तिथे मी हे गाणे म्हणून पाहिले आणि दुसऱ्या कडव्यानंतर थांबून दुसरेच म्हटले.

१९९९ च्या भाऊबीजेला मी कराडला गेलो. ओवाळून झाले. फराळाच्या ताटल्या उचलून अक्का स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग गेलो आणि म्हटले, "एक गाणे केले आहे. आधी तू ऐक. नको म्हणालीस तर वहीतून काढून टाकीन." ती पाटावर बसली. मी ओट्याला टेकून उभ्यानेच म्हटले. बाहेरच्या खोलीत दाजी वर्तमानपत्र वाचत होते. मधले दार उघडे होते. गाणे चालू असताना वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज आला नाही, एवढे माझ्या लक्षात आहे.

अक्का काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दुसरं कडवं पुन्हा म्हण."

मी म्हटले. ती मनगटाकडे पाहत होती. तिथे आता काचेच्या दोन बांगड्या होत्या.

"पाटल्या दोन होत्या," ती म्हणाली. "तू एकच का केलीस?"

"अक्षरांत बसत नव्हते गं. अभंगाला सहाच लागतात."

"असं होय," ती म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला उठली. बाहेरून दाजींनी हाक मारली, "मलाही अर्धा कप. आणि त्याला म्हणावं, इथं येऊन म्हण. आतलं नीट ऐकू येत नाही."

रात्रीच्या गाडीने परत येताना मी बोटांवर अक्षरे मोजून पाहिली. 'पाटलीचा' चार; 'पाटल्यांचा' म्हटले तरी चारच. पुढच्या भाऊबीजेला गाणे म्हटले तेव्हा पाटल्या दोन होत्या.